पाच आठवडे घट्ट कॉफी

ऑर्नेलाला स्ट्रोक आला त्या मंगळवारी सुनेत्रा ड्युटीवरच होती. नवऱ्याचा फोन ठेवल्यावर तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की आता काही दिवस तरी ही बाई कोणाला काही खाऊ घालणार नाही. काळजीचा विचार दुसरा आला. तो आलाच नाही असं नाही, पण दुसरा आला. आणि पुढे सगळं उघड झाल्यावरही सुनेत्राने हा क्रम कधी उलटा करून सांगितला नाही.

सुनेत्रा सांगलीची. पुण्यात स्पीच थेरपी शिकली, तिथेच चार वर्षं नोकरी केली आणि मग कार्डिफच्या एका मोठ्या हॉस्पिटलात आली. स्पीच थेरपी म्हटलं की लोकांना तोतरी मुलं आठवतात. सुनेत्राचं काम गिळण्याचं होतं. स्ट्रोक आलेल्या माणसाने पाणी प्यायलं तर ते पोटात जातं की श्वासनळीत, हे बघायचं. श्वासनळीत जात असेल तर पाणी, चहा, सूप, सगळ्यात थिकनरची पावडर घालून ते किती घट्ट करायचं ते ठरवायचं. दिवसभर कोणाच्या तरी गळ्याला दोन बोटं लावून उभं राहायचं आणि ऐकायचं. आवाजात किंचित ओलेपणा आला तरी तिच्या कानाला कळायचं.

दारिओ तिला वेल्श भाषेच्या संध्याकाळच्या क्लासमध्ये भेटला. तो कार्डिफमध्येच जन्मलेला, रेल्वेच्या सिग्नलवर काम करणारा इंजिनिअर, आईवडील इटालियन. दोघांनाही वेल्श धड आली नाही, पण लग्न झालं. घर मिळेपर्यंत म्हणून दोघं कार्डिफच्याच रोथ भागात त्याच्या आईवडिलांकडे राहायला गेली आणि बघता बघता तिथे तीन वर्षं झाली.

सासू ऑर्नेला पार्माच्या वरच्या डोंगरातल्या एका खेड्यातली. एकोणिसाव्या वर्षी सिल्वानोशी लग्न करून ती वेल्सच्या खाणींच्या भागात आली आणि चाळीस वर्षं त्याच्याबरोबर कॅफे चालवला. आता दोघं निवृत्त होती. सिल्वानो बागेत टोमॅटो लावायचा, कमी बोलायचा आणि त्याला कमी ऐकू यायचं. घर ऑर्नेलाचं होतं. कॉफी कधी प्यायची, कुठल्या फडक्याने काय पुसायचं, ओले केस घेऊन बाहेर जायचं की नाही, हे सगळं तिचं ठरलेलं होतं. सुनेत्राला यातलं बरंचसं पटायचं. अशा बायका तिने सांगलीतही पाहिल्या होत्या.

नावापासून बिनसलं. "सुनेत्रा लांब आहे," ऑर्नेला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. "मी तुला नेट्टा म्हणेन." सुनेत्रा हसून हो म्हणाली. मग ऑर्नेला टेबलावरच्या बाकीच्यांकडे वळली आणि इटालियनमध्ये म्हणाली, "नेट्टा म्हणजे स्वच्छ. तसं म्हणून म्हणून तरी स्वच्छ होईल." सगळे हसले. सुनेत्राला तेव्हा इटालियन येत नव्हतं, तीही हसली. अर्थ तिला चार महिन्यांनी कळला, कारण तोपर्यंत ती बसमध्ये कानात हेडफोन घालून रोज जाता-येता इटालियन शिकायला लागली होती. सासूला खूश करायचं म्हणून शिकत होती. त्या दिवसानंतर शिकत राहिली, पण कोणाला सांगायचं बंद केलं.

मग फोडणी. जिरं-हिंग तडतडलं की ऑर्नेला एकेक करून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडायची आणि हॉलमधले कोट उचलून वरच्या मजल्यावर नेऊन ठेवायची. एका शनिवारी सुनेत्रा कामावरून आली तर गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनच्या शेजारी एक इंडक्शनची शेगडी, एक पातेलं आणि तिचे मसाल्याचे डबे मांडून ठेवलेले. "हे तुझं स्वयंपाकघर," ऑर्नेला प्रेमाने म्हणाली. जानेवारीत सुनेत्रा अंगात कोट घालून वरण फोडणीला टाकत होती.

"थोडे दिवस," दारिओ म्हणायचा. "ती मनाने वाईट नाही."

पहिलं वर्षभर सुनेत्रा मनातल्या मनातसुद्धा सासूला अहोजाहो करायची. हळूहळू ते सुटलं.

पण हे सगळं तिने गिळलं असतं. सून म्हणून परक्या घरात आलं की काही गोष्टी गिळायच्या असतात, एवढी तयारी तिची होती. तिची आई आली तेव्हा जे झालं त्याची तयारी नव्हती.

आई, सुलक्षणाबाई, निवृत्त शिक्षिका. आयुष्यात पहिल्यांदा परदेशात आली, एका महिन्यासाठी, ऑक्टोबरमध्ये. घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नाही अशी बाई. येण्याआधी सुनेत्राने ऑर्नेलाला तीनदा सांगितलं, "आई मांस खात नाही. मासे नाही, अंडं नाही, मांसाचा रस्साही नाही."

"मला काय कळत नाही?" ऑर्नेला म्हणाली. "चाळीस वर्षं मी लोकांना जेवायला घातलंय."

पहिल्या रविवारी टेबलावर तिच्या गावचा खास पदार्थ आला. अनोलीनी, म्हणजे चीज भरलेल्या छोट्या छोट्या करंज्या, गरम ब्रोदोत सोडलेल्या. ब्रोदो म्हणजे रस्सा. "भाज्यांचा," ऑर्नेलाने सुलक्षणाबाईंच्या वाटीत डाव घालताना इंग्रजीत सांगितलं. "गाजर, कांदा, सेलरी. खास तुमच्यासाठी." बाईंनी दोन वाट्या खाल्ल्या. सिल्वानो त्यांना "ईट, ईट" म्हणत होता आणि त्या संकोचून हसत होत्या. "विहीणबाईंच्या हाताला चव आहे गं," त्या सुनेत्राला म्हणाल्या. "सांग त्यांना." सुनेत्राने सांगितलं.

आई परत गेल्यावर चार दिवसांनी सुनेत्रा गॅरेजमध्ये कपडे वाळत घालत होती. स्वयंपाकघराचं दार उघडं होतं आणि ऑर्नेला फोनवर तिच्या मुलीशी, मिरेलाशी, बोलत होती. मिरेला लंडनजवळ वॉटफर्डला राहायची.

"दोन वाट्या!" ऑर्नेला हसत हसत सांगत होती. "कसल्या भाज्या! गाय आणि कोंबडी, आपला नेहमीचा. सहा तास उकळला. आणि म्हणते कशी, किती छान. बघ, खाल्लं तर काही मेली नाही ना? नुसते नखरे यांचे."

सुनेत्राच्या हातात दारिओचा ओला शर्ट होता. तो तिने पुन्हा बादलीत टाकला आणि ती बराच वेळ वॉशिंग मशीनला टेकून उभी राहिली.

त्या संध्याकाळी तिने दारिओला सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. तो खाली जाऊन आईशी बोलून आला.

"ती म्हणते भाज्यांचाच होता. तू चुकीचं ऐकलंस, म्हणते. तुला इटालियन येतं कुठे?"

"मला येतं. तुझ्या बहिणीला विचार."

"सुनेत्रा, समज तू म्हणतेस तसं झालं असेल. आता काय करायचं? तुझ्या आईला माहीत नाही. तिला काही झालं नाही. तिला सांगितलं तरच तिला त्रास होईल. नाही सांगितलं तर कोणाचंच काही बिघडलं नाही."

सुनेत्राने आईला सांगितलं नाही. ते सांगण्यासारखं नव्हतं. गाईच्या मांसाचा रस्सा, दोन वाट्या, आणि वर आपण होऊन स्तुती केलेली. हे कळल्यावर आईने काय केलं असतं, याची कल्पनाही तिला करवत नव्हती. आई मात्र दर व्हिडिओ कॉलवर विहीणबाईंची चौकशी करायची. सांगलीत बहिणींना, शेजारणींना, भिशीतल्या बायकांना सांगायची, की परक्या देशातली बाई, पण माझ्यासाठी वेगळं रांधलं हो तिने. आईचं ते कौतुक ऐकून तिच्या मनात जे साठत गेलं त्याला राग म्हणणं कमी होईल. राग येतो आणि जातो. हे रोज सकाळी तिच्याआधी उठून बसलेलं असायचं.

स्ट्रोक फेब्रुवारीत आला.

तो फार मोठा नव्हता. उजवा हात कमकुवत झाला, बोलणं जड झालं आणि पातळ पदार्थ श्वासनळीत जायला लागले. नातेवाईक म्हणून सुनेत्राने तपासणं नियमात बसत नव्हतं. तिची सहकारी बेथन हिने तपासलं. गिळण्याचा एक्स-रे काढला आणि लेव्हल टू लिहून दिली. म्हणजे जे जे पातळ ते ते सगळं पावडर घालून सरबताच्या पाकासारखं करायचं. तीन आठवड्यांनी, मार्चच्या मध्यावर, ऑर्नेला घरी आली.

"तुमची काळजी नाही," बेथन तिला म्हणाली. "घरात एक्स्पर्ट आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेत्राने मोकामध्ये, म्हणजे गॅसवर ठेवायच्या इटालियन कॉफीच्या भांड्यात, कॉफी केली. एक कप सिल्वानोसाठी तसाच ओतला. दुसऱ्यात पावडर मोजून घातली, ढवळली, दोन मिनिटं थांबली आणि ऑर्नेलापुढे ठेवली. ऑर्नेलाच्या आवडीचा सोनेरी काठाचा कप काढला होता तिने, बशीसकट.

ऑर्नेलाने घोट घेतला. ती कॉफी जिभेवरून सरकत नाही, चिकटून बसते. वास कॉफीचा असतो आणि तोंडात खळ येते. सुनेत्राने शिकत असताना स्वतः चाखलेली होती. ऑर्नेलाचे डोळे भरले. तिने कप दूर ढकलला आणि जड जिभेने म्हणाली, "हे... कॉफी... नाही."

"नियम आहे, ममा," सुनेत्रा इटालियनमध्ये म्हणाली. शुद्ध, अख्खं वाक्य. "घशासाठी. प्या हं."

ऑर्नेलाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. सून इटालियन बोलते हे तिला त्या क्षणी कळलं आणि ती काय काय ऐकत आली असेल हेही. सुनेत्रा शांतपणे सिंकपाशी गेली आणि कप विसळायला लागली. तिला आतून गार गार वाटत होतं.

मार्चभर पावडर खरोखर लागत होती. तोपर्यंत सुनेत्राने काही चुकीचं केलं असं कोणी म्हणू शकलं नसतं. सोनेरी कप काढायची, मोका गॅसवर चढवायच्या वेळी स्वयंपाकघराचं दार उघडं ठेवायची, म्हणजे वास जिन्यावरून वर ऑर्नेलाच्या खोलीपर्यंत जाईल. रविवारी ब्रोदो करायची. सिल्वानोच्या वाटीत सोनेरी, पातळ; ऑर्नेलाच्या वाटीत खळीसारखा. "तुमच्याच कृतीने केलाय," सांगायची. एवढंच.

मार्च संपता संपता ऑर्नेलाचा आवाज मोकळा झाला. सुनेत्राला तो पलीकडच्या खोलीतून ऐकू आला. पाणी प्यायल्यावरचा ओलेपणा गेला होता. खोकला खणखणीत होता. गळ्याची घाटी गिळताना झटकन वर जात होती. दहा वर्षांच्या कानाने तिने ओळखलं, की हिला आता पावडर नको. पुन्हा तपासलं तर बेथन दहा मिनिटांत मोकळं करेल.

चार एप्रिलला हॉस्पिटलमधून घरी फोन आला. दारिओ कामावर होता, सिल्वानो बागेत. फोनवरची क्लार्क नवीन होती, तिने सुनेत्राचा आवाज ओळखला नाही. "एक अपॉइंटमेंट कॅन्सल झालीय. आठ तारखेला येऊ शकाल?"

वरच्या खोलीतून ऑर्नेला मोबाइलवर मिरेलाशी बोलताना ऐकू येत होती. स्पष्ट, चटचट. हसत होती.

"आठला नाही जमणार," सुनेत्रा म्हणाली. "नंतरची बघा."

"मग एकदम तेरा मेला आहे."

"चालेल."

तिने फोन ठेवला.

त्या पाच आठवड्यांत रोज सकाळी तिने कॉफी केली. ड्युटी लवकरची असली तर अर्धा तास आधी उठून केली. दारिओला हे काम तिने एकदाही करू दिलं नाही. पावडर कॉफीवर पसरताना ती आईचं वाक्य आठवायची, 'हाताला चव आहे गं', आणि मग चमचा फिरवायची. ऑर्नेला आधी भांडली. मग सिल्वानोकडे हात पसरून नुसता एक घोट मागायला लागली. सिल्वानो केविलवाणा होऊन सुनेत्राकडे बघायचा. "न्यूमोनिया होईल," सुनेत्रा म्हणायची, आणि तो आपला कप उचलून बागेत जाऊन प्यायचा. पुढे ऑर्नेलाने मागणं सोडलं. मग पिणंच कमी केलं. ओठांना भेगा पडल्या. स्कर्ट कमरेवरून सरकायला लागले. पावडरच्या पाण्याला कंटाळून माणसं पाणी पिणं सोडतात, हे सुनेत्रा स्वतः नातेवाइकांना समजावून सांगायची. एका सकाळी ऑर्नेला जिन्यावर चक्कर येऊन बसली. तिला उठवताना सुनेत्राच्या हाताला तिच्या दंडाची सैल कातडी लागली.

त्या दिवशी तिने फोन उचलला होता. अपॉइंटमेंट अलीकडे घ्यायची म्हणून नंबरही लावला. पलीकडे रिंग वाजत असताना शेजारच्या खोलीतून ऑर्नेला दारिओला सांगत होती, "ही बया मला मारणार. हिच्या आईचे नखरे आपण काढले म्हणून."

म्हणजे आठवण होती. आणि अजून ते नखरेच होते.

सुनेत्राने फोन बंद केला.

तेरा मेला तीच ऑर्नेलाला घेऊन गेली. बेथनने आधी चमचाभर साधं पाणी दिलं, मग घोटभर, मग अख्खा पेला. ऑर्नेलाने तो घटाघटा संपवला आणि डोळे मिटून बसली. बेथन आवाज ऐकत होती, गळ्यावर बोटं ठेवून. मग मागे टेकली.

"अगदी स्वच्छ आहे. पावडर बंद. खरं सांगायचं तर हे आधीच व्हायला हवं होतं." तिने कॉम्प्युटरकडे पाहिलं. "आम्ही एप्रिलमध्ये फोन केला होता. आठ तारीख दिली होती, घरून नाही म्हणून सांगितलं असं लिहिलंय. कोणाशी बोलणं झालं होतं?"

ऑर्नेलाने हळूच मान वळवून सुनेत्राकडे पाहिलं. सुनेत्राने नजर खाली घेतली नाही. सासूला सगळं कळत गेलेलं तिला तिच्या चेहऱ्यावर दिसलं: आधी तारीख, मग आठवडे, मग कारण.

"माझ्याशी," ऑर्नेला इंग्रजीत म्हणाली. "मीच नाही म्हटलं. तेव्हा दमले होते."

हॉस्पिटलच्या कॅफेत ऑर्नेलाने मशीनची कॉफी मागितली. कागदी कपातली, पाणचट. दोन्ही हातांनी धरून तिने ती सावकाश प्यायली, तळाशी फेस उरेपर्यंत. मग कप खाली ठेवला आणि इटालियनमध्ये बोलायला लागली.

"पाच आठवडे."

"हो."

"ब्रोदोसाठी."

"माझ्या आईसाठी."

ऑर्नेलाने मान डोलावली, जणू एखाद्या गिऱ्हाइकाची ऑर्डर बरोबर ऐकू आली. "मी या देशात आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. माझ्या सासूने मला वर्षभर टेबलावर बसू दिलं नाही. मी उभी राहून जेवायचे. मी कोणाला सांगितलं? नाही. तूही सांगणार नाहीस. ती पोरगी आत आहे ना, तिला मी आत्ता जाऊन खरं सांगितलं तर तुझी नोकरी जाईल. मी तुला वाचवलं. आता तू माझ्या घरात राहशील, मी म्हणेन तसं राहशील, आणि त्या रविवारचं नाव पुन्हा काढणार नाहीस. दारिओपुढे नाही, सिल्वानोपुढे तर नाहीच. झालं, फिटलं." तिने पर्स उचलली. "चल. दुपारच्या ट्रॅफिकआधी जाऊ."

गाडी चालवताना सुनेत्राच्या लक्षात आलं, की पाच आठवड्यांत पहिल्यांदाच तिला भीती वाटते आहे. नोकरीची होती, पण ती कमी. आपण केलं ते वाईट होतं हे तिला रोज माहीत होतं. पण ते तिचं होतं. आता तेही ऑर्नेलाने उचलून आपल्या पर्समध्ये टाकलं होतं, आणि आयुष्यभर ती ते तिथून काढून दाखवणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटी सुरू व्हायच्या आधी सुनेत्रा बेथनच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

"तो फोन मी घेतला होता. तारीख मी पुढे ढकलली. तिला पावडरची गरज नाही हे मला तेव्हा माहीत होतं."

बेथनला आधी कळलंच नाही. कळल्यावर तिने हातातलं पेन खाली ठेवलं. "तू असं का सांगतेयस मला? तिने तर—"

"ती खोटं बोलली. माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी."

"सुनेत्रा, तू काय केलंस? आपण माणसांना पाणी पिता यावं म्हणून इथे आहोत."

पुढे महिनाभर चौकशी चालली. तिला लेखी ताकीद मिळाली, आणि सहा महिने तिने एकटीने पेशंट तपासायचा नाही असं ठरलं. तिच्याहून दहा वर्षांनी लहान मुली तिच्या शेजारी उभ्या राहून तिच्या नोंदींवर सही करायच्या. ती शिक्षा तिला बरोबर वाटली. ती तिने कमी करून मागितली नाही.

दारिओला तिने त्याच संध्याकाळी रोथच्या तळ्याकाठी फिरताना सांगितलं. तो जागच्या जागी थांबला.

"तू माझ्या आईला पाच आठवडे..." त्याला वाक्य पुरं करता येईना. "ती जिन्यावर पडली असती. तू थेरपिस्ट आहेस! तू हे करूच कसं शकतेस?"

"तिला माहीत नव्हतं," सुनेत्रा म्हणाली. "तिला काही झालं नाही. सांगितलं तरच त्रास होईल. नाही सांगितलं तर कोणाचंच काही बिघडलं नाही."

आपलेच शब्द ओळखायला दारिओला थोडा वेळ लागला. ओळखल्यावर तो बाकावर बसला. तळ्यात बदकं होती, लोक कुत्री घेऊन जात होते.

"मी तेव्हा मिरेलाला विचारलं होतं," अखेर तो म्हणाला. "तुला सांगितलं नाही. तिने खरं काय ते सांगितलं होतं मला."

सुनेत्राला वाटलं होतं, की आता आणखी काही ऐकायचं उरलेलं नाही. ती त्याच्यापासून एक हात अंतर ठेवून बसली आणि म्हणाली, "रविवारी टेबलावर हे सगळं बोलायचं. मी माझं बोलेन. तू तिला तिचं बोलायला लावायचंस. नाहीतर मी सोमवारी बॅग भरते. तू येतोस की नाही हे तुझं तू बघ."

त्या रविवारी टेबलावर चौघंच होती. सुनेत्राने उभं राहून आधी आपलं सांगितलं, सिल्वानोला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, इटालियनमध्ये. चार एप्रिल, तेरा मे, कप, पावडर, सगळं. हॉस्पिटलात सांगून आले हेही सांगितलं. ते ऐकताना ऑर्नेलाच्या हातातला काटा थांबला. कॅफेतलं सगळं बोलणं फुकट गेलं होतं.

"आता तू, ममा," दारिओ म्हणाला.

"मी काय? मी आजारी बाई—"

"ममा. मिरेलाने मला सांगितलंय."

ऑर्नेलाने नवऱ्याकडे पाहिलं. सिल्वानो कानाला हात लावून वाट बघत होता.

"ब्रोदो गाईचा होता," ती शेवटी म्हणाली. "तिची आई आली होती तेव्हाचा. मला माहीत होतं."

सिल्वानोला ते एकदाच ऐकून पुरलं. तो सावकाश म्हणाला, "मी तिला म्हणत होतो, खा, खा. माझ्या टेबलावर बसून. तू मला हे करायला लावलंस?" आपल्या चाळीस वर्षांच्या कॅफेत कोणाला विचारल्याशिवाय साखरसुद्धा न घालणारा माणूस तो. त्याने रुमाल घडी करून ताटलीशेजारी ठेवला, उठला आणि बागेत निघून गेला. ऑर्नेलाने त्याला हाक मारली, दोनदा. तो वळला नाही. त्याला ऐकू गेलं नाही असं म्हणायला जागा होती, पण कोणी म्हटलं नाही.

तेव्हा ऑर्नेला रडली. घट्ट कॉफीच्या पहिल्या दिवशी रडली होती त्याहून वेगळी, तोंडावर हात घेऊन. सुनेत्रा तिच्यासमोर उभी होती. हेच बघायला आपण सात महिने थांबलो होतो, असं तिला वाटलं, आणि तिने ते डोळे भरून बघितलं. तिला समाधान वाटलं. दया नंतर, ताटल्या विसळताना आली. ती थोडीच होती, आणि सुनेत्राने ती जास्त आहे असं दाखवलं नाही.

सप्टेंबरात ती आणि दारिओ कार्डिफमधल्याच ग्रेंजटाउनमध्ये भाड्याच्या घरात गेली. दारिओशी नीट बोलणं सुरू व्हायला हिवाळा उजाडला. अजूनही काही विषय आले की दोघं गप्प होतात. सिल्वानो दर गुरुवारी बसने येतो, टोमॅटो असतील तर घेऊन येतो आणि सुनेत्राने केलेला वरण-भात चमच्याने खातो. वरणाला काय म्हणतात ते त्याने पाठ केलंय. ऑर्नेला येत नाही. सुनेत्राही तिकडे जात नाही. दारिओ दर रविवारी एकटा जाऊन येतो.

ऑर्नेलाने अजून माफी मागितलेली नाही. सुनेत्रानेही नाही. हॉस्पिटलात तिने माफी लिहून दिली, कारण तिथे ती एका पेशंटची मागायची होती. घरात, सासूची म्हणून, ती तिने मागितली नाही.